बापाच्या चिठ्ठीतला शब्द

मास्तरांच्या ओसरीवर बसलो आहे. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे आणि तो मी अजून उघडलेला नाही. घाई कशाची? ऐंशीच्या घरातला माणूस घाई करायला लागला की लोक म्हणतात, बुढ्याला जायची वेळ कळली.

चैत आहे. शेजारच्या आंगणात मोहफूल वाळत टाकलं आहे, त्याचा गोड, जरा आंबूस वास ओसरीभर बसला आहे. टेंभरे मास्तर जाऊन तिसरं वर्ष. वैनी, म्हणजे त्यांची बायको, आता नागपूरला मुलाकडे असतात. उन्हाळ्यात एकदा येऊन घर झाडतात, जाळी काढतात आणि पुन्हा कुलूप घालून जातात. या खेपेला निघायच्या आधी नागपुरात मास्तरांची आलमारी सरकवली तर मागं हा डबा निघाला, तो त्यांनी सोबत आणला. वर मास्तरांच्या अक्षरात माझं नाव. वैनींनी निरोप धाडला, भाऊजींना म्हणा, त्यांची वस्तू त्यांनी घेऊन जावी.

डबा म्हटल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट आली. म्हणून घरून निघताना बापाची बांबूची नळी पिशवीत टाकली.

माझ्या दारापासून ही ओसरी एक फर्लांग. अंदाजानं सांगत नाही. रस्त्याच्या कडेला साहेबांच्या काळचे फर्लांगाचे दगड आहेत, एक माझ्या फाटकाजवळ आणि दुसरा मास्तरांच्या चिंचेखाली. त्या चिंचेच्या दगडावर बसून मी कितीतरी रविवार मास्तरांची दुपारची झोप संपायची वाट पाहिली आहे.

नळीचं आधी सांगतो.

आम्ही कोहळी. आमच्या जातीनं तळी बांधली. केशोरीच्या अंगाला आमचं गाव आहे, गावाला तळं आहे, आणि तळ्याचं पाणी वाटायचं काम माझ्या आज्याकडं, मग बापाकडं, मग माझ्याकडं आलं. मी तिसरी शिकलो. चौथीत बसायच्या वेळी बाप म्हणाला, तुडूम उघडता येते काय? मी म्हटलं येते. तो म्हणाला, मंग झालं शिक्षन. तुडूम म्हणजे पाळीच्या, तळ्याच्या मातीच्या भिंतीच्या, पोटातलं पाणी सोडायचं दार. त्याच्या दगडावर बसलं की पायाखालून पाण्याचा आवाज येतो. झोपलेला माणूस घोरतो, तसा. तो आवाज ऐकून आत पाणी किती आहे हे मला आजही सांगता येतं.

आमच्या तळ्याचा एक कायदा आहे. कागदावर कुठं नाही, पण कोणी मोडत नाही. धान निसवायला लागलं, लोंबी बाहेर यायला लागली, की पाणी आधी शेवटच्या बांधीला, म्हणजे सगळ्यात खालच्या धानाच्या तुकड्याला. मग तिच्या वरच्या. तळ्याला लागून ज्याची बांधी आहे त्याची पाळी सगळ्यात शेवटी. मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, बांधी तळ्याला लागून होती. त्यालाही तोच कायदा.

मी लहान होतो तेव्हा एक साहेब तंबू ठोकून तळ्यावर राहिला होता. सोबत पाहुणे होते. त्यांना मोठे मासे पाहिजेत, म्हणून तुडूम उघडून पाणी उतरवा, असा हुकूम आला. धान तर निसव्यावर. बाप तुडुमाच्या दगडावर जाऊन बसला. मला आठवतं ते एवढंच की आई फडक्यात भात बांधून द्यायची आणि मी पाळीवरून नेऊन द्यायचो. बाप तिथंच खायचा, तिथंच हात धुवायचा. दोन दिवस. शिपाई आला, मालगुजाराचा कारभारी आला. शेवटी साहेब स्वतः आला, घोड्यावर. घोड्याच्या घामाचा वास मला अजून आठवतो. बाप उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, शेवटच्या बांधीले पानी पोचल्याबिगर तुडूम कोनाच्या हातात देत नाई." आणि पुन्हा खाली बसला.

तंबू उठले त्या सकाळी साहेबानं बापाच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. निळसर जाड कागद, चार ओळी इंग्रजी, खाली सही. का दिली, रागानं दिली की खुशीनं, कोणी सांगितलं नाही. बापानं ती बांबूच्या नळीत घातली आणि तोंडाला मेण लावलं. पुढं जो कोणी हाकिम, तहसीलदार, इंजिनेर तळ्यावर आला त्याच्यासमोर बाप धोतर झटकून उभा राहायचा आणि नळी उघडायचा. ते वाचायचे. कोणी हसायचं, कोणी मान हलवायचं, आणि अर्थ न सांगता चिठ्ठी परत द्यायचे. एक बाबू म्हणाला, जपून ठेव बुढा. बापानं जपून ठेवली.

गावात इंग्रजी कोणालाच वाचता येत नसे, पण गावानं आपापसात अर्थ लावून घेतले होते. खालच्या बांधीचे लोक म्हणायचे, साहेबानं शाबासकी लिहून दिली. वरच्या बांधीचे म्हणायचे, शिवी लिहून दिली आणि हा येडा ती मिरवून राहिला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ रंगला की सोंगाड्या कधीमधी बांबूची नळी घेऊन यायचा, उलटी धरून वाचायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. बापही हसायचा. मला हसू येत नसे. बाप मेला तेव्हा नळी माझ्याकडं आली आणि प्रश्नही माझ्याकडं आला. साहेबानं माझ्या बापाला काय म्हटलं?

सन नव्याण्णवला टेंभरे मास्तर निवृत्त होऊन आमच्या गावात राहायला आले. वैनींच्या वाट्याची दोन बांध्या जमीन आमच्या तळ्याखाली होती. मास्तर जातीनं पवार. उंच, गोरे, चालताना हात मागं बांधायचे. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली. पहिल्याच आठवड्यात पाणी मागायला आले आणि मी त्यांना पाळी सांगितली. ते म्हणाले, "आमचे पूर्वज माळव्यातून इथवर चालत आले, एवढी वाट मात्र कुणी बघायला लावली नाही." मी म्हटलं, "तुमचे बापजादे चालत आले तवा आमची तळी भरून बसली होती, मास्तर. पानी तवाई पाळीनंच भेटे." मास्तर हसले. दोस्ती तिथं झाली.

महिनाभरानं मी नळी घेऊन गेलो. मास्तरांनी चिठ्ठी उजेडात धरली, चष्मा वर-खाली केला आणि मराठीत सांगितलं. हा गडी या गावच्या तळ्याचं दार राखतो. मला हा अमुक माणूस आढळला. पुढं येणाऱ्या साहेबांनी हे ध्यानात ठेवावं.

"अमुक म्हणजे?"

मास्तरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग खरं बोलले. म्हणाले, हा शब्द मला येत नाही. जुना आहे, आता कोणी वापरत नाही. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे बोलताना काय झालं असेल ते त्यांच्या कानांवरून दिसत होतं. लाल झाले होते.

त्याच दिवाळीनंतर मी मुलीकडं सडक अर्जुनीला निघालो. हायवेवर ट्रकांची रांग, डिझेलचा धूर, आणि एका ढाब्यावर गरम भजे. भजे ज्या पुड्यात दिले तो कागद पातळ, पांढरा, माशीच्या पायाएवढ्या अक्षरांनी भरलेला. इंग्रजी मला येत नाही, पण काही शब्दांच्या आधी एक बारीक क्रूस छापलेला होता तो मला ओळखू आला. आमच्या पाळीखाली कोण्या साहेबाच्या लेकराची कबर आहे, तिच्या दगडावर तसाच क्रूस आहे. मी म्हटलं, हे शब्द मेलेले दिसतात.

आत जाऊन पाहिलं. रद्दीच्या ढिगावर उशीएवढं पुस्तक, पाठीला कातडं, पुढची पानं फाटत आलेली. ढाबेवाला म्हणाला, "ले जाओ चाचा. इसका पन्ना तेल नहीं सोखता, गिराक चिल्लाता है." फुकटचं मी घेत नाही. मुलीसाठी चिन्नोरचे तांदूळ नेत होतो, ते त्याला देऊन टाकले. मुलीनं पुढं कितीतरी वर्षं त्यावरून टोमणे मारले, की बाबानं माझा भात पुस्तकाला चारला.

मास्तरांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि आधी वास घेतला. मग पान उलटून म्हणाले, शब्दकोश आहे, जुना, मोठा. शब्द जन्मला कधी, कोणी कोणी कसा वापरला, आणि मेला असेल तर शेवटचा कधी दिसला, सारं यात असतं. आणि क्रूसाचं? मी विचारलं. मास्तर माझ्याकडं पाहतच राहिले. बरोबर होतं माझं. मेलेल्या शब्दांची ती खूण.

पहिली चार अक्षरं लोकांनी भज्यांसोबत खाऊन टाकली होती. पुस्तक ईपासून उरलं होतं. बापाचा शब्द एफचा. म्हणजे आत होता. मास्तर म्हणाले, आज डोळे थकलेत, पुस्तक ठेवून जा, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मास्तर ओसरीवर पुस्तक मांडून बसलेले. म्हणाले, "भाऊ, पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं. तुमच्या वडिलांचा शब्द त्याच्या पाळीनं येईल. तुम्ही तळ्यावर कुणाची पाळी मोडू देता काय?"

मालगुजाराला जो कायदा, तो माझ्या बापाला. मी म्हटलं, "नाई मोडू देत. वाचा."

तिथून ते रविवार सुरू झाले. एका रविवारी एक शब्द, तोही मेलेला नाहीतर मरायला टेकलेला. क्रूस नाही पण वापरही नाही, अशा शब्दाला मास्तर म्हणायचे, हा खाटेवर आहे. वैनी लाल चहा आणून ठेवायच्या. पुस्तक उघडलं की जुन्या तांदळाच्या कोठीत हात घातल्यासारखा वास यायचा. समोरच्या बांध्यांत सारसाची जोडी असायची. नर ओरडला की मादी लगेच दोनदा ओरडायची, आणि मास्तर तेवढा वेळ वाचन थांबवायचे.

कागदाची चिटोरी मास्तरांची. वरची अर्धी बाजू माझी, खालची त्यांची. मीच तसं ठरवलं. अर्थ तुमचा तर हात माझा, फुकटात शिकायला मी काही पोर नाही. पुस्तकातला शब्द पाहून त्याची एकेक आकृती मी वर काढायचो, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मोजून. खाली मास्तर मराठीत अर्थ लिहायचे. मराठी मला वाचता येतं. हळू, पण येतं.

पहिलाच शब्द आला तो ईअर. मी म्हटलं हा तर कान, एवढं माझ्या नातवालाही येतं. मास्तर म्हणाले, तो कान वेगळा. हा क्रूसवाला. फार जुन्या काळी इंग्रज शेतकरी नांगरण्याला हा शब्द वापरायचा. पुढं शेतकऱ्यानं दुसरा शब्द धरला आणि हा पडीक राहिला. त्या रात्री मला नवल वाटत राहिलं. इंग्रज नांगर धरत होता! आमच्याकडं आलेला एकही साहेब मी मातीत पाय घातलेला पाहिला नव्हता.

मग एडिश आला. धान कापल्यावर धसकटांतून जो कोवळा हिरवा फुटवा येतो, गुरं ज्याच्यावर तुटून पडतात, तसल्या गवताला त्यांच्याकडं नाव होतं. एल आला, कोपरापासून मोजायचं माप. मी हात लांब करून दाखवला, आमच्याकडंही कापड असंच मोजायचे. एमेट म्हणजे मुंगी. एअर म्हणजे आधी. तो खाटेवरचा. आणि मुंगीच्या आधी एक दिवस ईम आला होता.

ईम म्हणजे मामा. आईचा भाऊ. मास्तरांनी दोनदा वाचलं. इंग्रजीत मामाला स्वतःचा शब्द होता आणि तो मेला. आता काका, मामा, मावसा, सगळ्यांना एकच, अंकल.

"मामा मारून टाकला?" मी म्हटलं. "मंग त्यायच्या लग्नात पोरीच्या पाठीमांगं उभा कोन रायते?"

वैनी आतून हसल्या. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, शब्द आधी मरतो की माणसाची जागा आधी जाते, हे पुस्तकात लिहिलेलं नाही. यावर आम्ही पुढचे तीन रविवार भांडलो. माझं म्हणणं जागा आधी जाते. लुचई धान लोकांनी पेरणं सोडलं, मग नाव सुटलं. हिरानक्की माझ्या डोळ्यांदेखत गेलं. नाव कोणी आधी विसरत नाही, कोठी आधी रिकामी होते. मास्तर म्हणायचे, नाव राहिलं तर बी शोधायला माणूस निघतो तरी. पुढल्या हंगामात मी दोन गावं पायी हिंडून पसाभर लुचई आणलं आणि एका वाफ्यात लावलं. मास्तर जिंकले असं मी म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण ते धान झाडताना जुना सुवास आला तेव्हा मी त्यांना बोलावून नेलं आणि आम्ही दोघं खळ्यात नुसते उभे राहिलो.

अशी वर्षं गेली. रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर रविवार चुकला नाही. ई संपलं, एफ लागलं. फेन, म्हणजे खुशीनं. फार्डल, म्हणजे भारा, डोक्यावरची मोळी. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. ते रात्री मोजायचे, आम्ही पंधरवडा. हा अजून जिवंत आहे, पण मास्तरांनी मला तो बक्षीस म्हणून दिला.

इतक्या दिवसांत मला अक्षरांची रांग कळायला लागली होती. कोणामागून कोण येतं ते पाठ झालं होतं. बापाचा शब्द मी नळीतून काढून इतक्यांदा पाहिला होता की त्याची पहिली चार अक्षरं मला झोपेत काढता आली असती. पुस्तकातली रांग त्याच्या जवळ सरकत होती. मास्तर अलीकडं हळू वाचायला लागले होते. मध्येच जुना शब्द पुन्हा काढायचे, उगाच लांबवायचे. मला वाटलं, वयानं.

शेवटी फ्रोर आला. थंडीनं गोठलेला. मी मनात मोजलं. पुढचा रविवार बापाचा.

त्या रविवारी मी तळ्यात अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, नळी घेतली आणि एक नारळ घेतला. ओसरीवर बसलो. मास्तर चष्मा पुसत होते, पुसतच होते. पान मीच उलटलं. आकृत्या पाहिल्या. रांग तुटलेली होती. मी बोट दोन पानांच्या सांध्यात घातलं, तर तिथं कागदाची एक बारीक कड लागली. एकदम सरळ.

"पान कुठं गेलं मास्तर?"

"उंदरानं नेलं असेल."

"उंदीर पट्टी लावून कापते काय?"

मास्तर म्हणाले, मग त्या भजेवाल्यानं.

"भजेवाला समोरून फाडे. मधातलं एकच पान त्यानं कायले काढावं?"

बांधीत सारस ओरडला. मास्तर थांबले, सवयीनं. मग खाली पाहून म्हणाले, "भाऊ, तुमचे वडील चांगले होते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. एवढं पुरे नाही काय?"

"ते तुमी नोका सांगू. मी त्यायचा पोरगा हावो. मले साहेबानं काय लिवलं ते पाह्यजे."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मी नळी उचलली आणि निघालो. नारळ तिथंच राहिला.

घरी येऊन मी काय काय धरून बसलो ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, जो शब्द मास्तरला आला नाही तो गावात कोणालाच कळू नये म्हणून त्यानं पान काढलं. पवाराचा गर्व, असं मी बायकोजवळ बोललो. नातू म्हणाला, आबा, मोबाइलवर पाहून देतो, दोन मिनिटांचं काम. मी त्याला हाकललं. ज्या शब्दाची पाळी मास्तरांच्या ओसरीवर लागली होती तो मी दुसरीकडून काढणार नव्हतो. आणि खरं सांगायचं तर भीती होती. मास्तर पान कापतो म्हणजे वरच्या बांधीवाले खरे होते की काय?

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. बोलणं बंद होतं, पाणी बंद नव्हतं. त्यांच्या दोन बांध्यांना त्यांच्या पाळीनं पाणी गेलं, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. ते पाळीवरून फिरायला यायचे, हात मागं बांधून. मी तुडुमावर बसलेला असायचो. ते खाकरायचे. मी पाण्याकडं पाहायचो. रविवारी दुपारी चहाची वेळ झाली की मला उगाच माझ्याच आंगणात चकरा माराव्या लागायच्या. फाटकापर्यंत जायचो, फर्लांगाच्या दगडावर हात ठेवायचो, परत यायचो.

मग एक दिवस जीप आली. मास्तरांची गादी, पुस्तकाच्या दोन पेट्या, वैनींची तुळशीची कुंडी. मुलगा त्यांना नागपूरला नेत होता, तब्येतीसाठी. जीप पाळीखालून गेली तेव्हा मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी पाहिलं. तुडुमाची फळी नीट बसली नाही असं दाखवून मी खाली वाकलो.

वर उठलो तेव्हा धूळ होती.

पुढल्या पोळ्याच्या आधी मास्तर गेल्याचा निरोप आला.

आता डबा उघडतो.

आत चिटोरी आहेत. सुतळीनं बांधलेल्या गड्ड्या, कोऱ्या वासाच्या नाहीत, त्याच जुन्या तांदळाच्या वासाच्या. मला वाटलं, आमचीच जुनी असतील. पण ती तर माझ्या कोठीवर आहेत, टोपलीत. ही वेगळी. प्रत्येकावर खालच्या अर्ध्या भागात मास्तरांचं अक्षर आणि वरची अर्धी बाजू कोरी. एफचं उरलेलं, मग जी, मग एच. शेवटी शेवटी अक्षर कापरं झालं आहे, ओळ खाली उतरते. म्हणजे मी फाटकाशी चकरा मारत होतो त्या रविवारी मास्तर इथं आणि मग नागपुरात बसून एकटेच शब्द काढत होते. आणि माझी जागा सोडत होते.

तळाशी एक पाकीट. त्यात पुस्तकाचं ते कापलेलं पान. आणि पानासोबत सात चिटोरी. बाकी प्रत्येक शब्दाला एक, याला सात.

मी पान मांडीवर पसरलं, नळीचं मेण नखानं काढलं, चिठ्ठी त्याच्याशेजारी ठेवली आणि बोटानं एकेक आकृती जुळवली. जुळला. खाली मास्तरांनी त्याचा उच्चार लिहिला होता. फ्रोवर्ड.

पहिल्या चिटोऱ्यावर लिहिलं आहे, शूर. त्यावर काट मारली आहे. दुसऱ्यावर, करारी, कर्तव्याला जागणारा. काट. तिसऱ्यावर, दुष्ट, वाकड्या चालीचा. काट, आणि इतक्या जोरानं की कागद फाटला आहे. चौथ्यावर नुसतं, वाईट नव्हे. पाचवं, सहावं अर्धवट. सातवं पूर्ण आहे, आणि त्यावर काट नाही. ते मी दोनदा वाचलं. जसं आहे तसं सांगतो.

फ्रोवर्ड. शब्द खाटेवर. अर्थ, हट्टी. सांगितलं त्याच्या उलट वागणारा. कोणाच्या हुकमात न राहणारा, आवरायला कठीण. जुन्या लिखाणात वाईट माणसाला असं म्हणत. मूळ अर्थ, समोरच्यापासून तोंड फिरवून दुसऱ्या दिशेला उभा राहिलेला.

मास्तरला खोटं लिहिता आलं नाही आणि खरं माझ्या तोंडावर सांगता आलं नाही. पहिल्याच दिवशी, डोळे थकलेत म्हणून पुस्तक ठेवून घेतलं तेव्हाच, त्यांनी हे वाचलेलं असणार. आणि दुसऱ्या दिवशी मला पाळीत उभं केलं. शब्द येऊच नये म्हणून नऊ वर्षं माझ्यासोबत मुंग्या आणि मामे काढत बसले.

मी हसलो. मोठ्यानं. वैनी झाडू घेऊन बाहेर आल्या. काय झालं, भाऊजी?

"वैनी," मी म्हटलं, "मास्तर येवढे शिकले, पन मले वळखलं नाई. साहेबानं माह्या बापाले हट्टी म्हटलं. मास्तरले वाटलं मले वाईट वाटन."

वैनींनी झाडू भिंतीशी टेकवला. ओसरीच्या पायरीवर बसल्या, पदर हनुवटीशी धरून.

हट्टी. सांगितलं त्याच्या उलट. कोणाच्या हुकमात न राहणारा. घोड्यावर बसलेल्या माणसानं, ज्याचे मासे त्या दिवशी हुकले, माझ्या बापाविषयी एवढं बरोबर लिहिलं. पुढच्या साहेबानं ध्यानात ठेवावं, असंही लिहिलं. ठेवायलाच पाहिजे होतं. त्या वर्षी शेवटच्या बांधीचं धान भरलं होतं. शिवी असेल, असो. असली शिवी आमच्या घरात तीन पिढ्या पुरेल. सोंगाड्यानं ती उलटी वाचली, बापानं ती न वाचता मिरवली, आणि बापाचंच बरोबर होतं.

वैनींकडून पेन मागितलं. सातव्या चिटोऱ्याच्या कोऱ्या बाजूवर, बापाच्या चिठ्ठीत पाहून, मी शब्द काढला. शेवटची आकृती जरा वाकडी आली. राहू दिली.

वैनी चहा ठेवायला आत गेल्या. आज रविवार नाही, तरी म्हटलं एक शब्द करून जावं. गड्डीतलं पुढचं चिटोरं ओढलं. मास्तरांचं अक्षर तिथं अजून ताठ आहे, म्हणजे गावात असतानाच लिहिलेलं.

फर्लांग. शब्द जिवंत. मूळ अर्थ, नांगराच्या तासाची, म्हणजे सरीची, लांबी. जोडी न थांबता एका दमात जेवढं तास ओढते तेवढं अंतर. मग बैलाला थांबू देतात, श्वास घेऊ देतात, आणि माघारी वळवतात.

खाली कंसात, बारीक अक्षरात, चिंचेपासून भाऊंच्या फाटकापर्यंत.

मी मान वर करून पाहिलं. चिंचेखाली दगड होता. रस्ता सरळ, उन्हानं पांढरा पडलेला, आणि त्याच्या टोकाला माझं फाटक इथून स्वच्छ दिसत होतं. दोन वर्षं तेवढा रस्ता दोघांपैकी कोणी चाललं नाही.

बैल एका दमात जातो.